दुसरा रकाना

एका नर्सबाईंच्या पत्राला मी चौदा महिने उत्तर दिलं नाही. हरवलं म्हणावं तर ते हरवलंही नव्हतं. माझ्या टेबलाच्या खणात, शब्दकोशाखाली पडून होतं, आणि खण उघडायची वेळ आली की मी आधी शब्दकोश हातानं दाबून धरायचो. आखीव कागद, निळी शाई, आणि रोज तक्त्यावर नोंदी करणाऱ्या माणसाचं असावं तसं सुटं, सरळ अक्षर. त्यांनी लिहिलं होतं की बाळंतपणाच्या वॉर्डात त्या एकतीस वर्षं काम करताहेत. त्यांचं आणि यजमानांचं गाणी ऐकण्याचं वेड लग्नाइतकंच जुनं. संध्याकाळी सोफ्याच्या एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला त्या, मध्ये कुणी बोलायचं नाही, असं सव्वीस वर्षं चाललेलं. मग यजमानांनी माझा लेख वाचला. जुना डॅक, म्हणजे गाण्याच्या संचातला एक डबा, काढून टाकला आणि मी ज्याची तोंडभरून स्तुती केली होती तो चंदेरी आणून लावला. आता यजमानांना गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येतो, दोन ओळींच्या मध्ये, अगदी मी लिहिला होता तसा. बाईंना येत नाही. आधी यजमान हसले, मग त्यांनी समजावून सांगितलं, मग म्हणाले, तुझे कान गेलेत. तेव्हापासून ते ऐकायला बसले की बाई आत जाऊन बसतात. ‘तेही चालेल,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘पण माझं काम कानाचं आहे. वॉर्डात आता यंत्रं आली, तरी मी आईच्या पोटावर नळी टेकवून बाळाचे ठोके आधी स्वतः ऐकते. हल्ली ऐकते आणि मग दुसऱ्या सिस्टरला बोलावते, तूही ऐक म्हणते. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान ठीक आहेत. पण तसं ते सगळ्यांनाच म्हणत असतील. तुम्ही ऐकणारे आहात. तुम्हाला तो फरक खरोखर ऐकू आला होता का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. हो असेल तर मी वॉर्ड सोडून दुसरं काम मागून घेईन.’ दोन पानांच्या पत्रात मला एकच चूक सापडली, एक वेलांटी. ती आधी सापडली आणि मग मजकूर कळला, याची मला अजून लाज वाटते.

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढायच्या, स्वतः काही लिहायचं नाही, आणि लिहावंसं वाटलंच तर घरी जाऊन झोपायचं, असा माझा एकंदर बेत होता. निवृत्तीनंतर ताईकडे राहायला आलो. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, जिभेनं आणखी मोठी. डॅक म्हणजे काय ते मी तिला तीनदा समजावलं होतं: हल्ली गाणं तबकडीवर नाहीतर संगणकात आकड्यांच्या रूपात साठवतात, त्या आकड्यांचा परत आवाज करायचं काम ज्या डब्यात होतं तो डॅक, तिथून आवाज अॅम्प्लिफायरकडे जातो, मग स्पीकरकडे. सगळे डबे हे काम करतात, पण कुणी कोरडं करतो, कुणी रसाळ, आणि ते ओळखायचं हा आमचा छंद. ताई म्हणाली, माझ्याकडेही डबे आहेत, त्यातल्या साखरेचं मीठ झालं तर मला कळतं, तुला तुझ्यातलं कळेल का? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी हसलो. मला वाटायचं, कळतं. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काहीतरी येत होतं जे शेजारच्या माणसाला येत नव्हतं.

हे मला येतं असं मला सांगणारा एकच माणूस होता. आम्ही सगळे त्याला मीटर म्हणायचो. रेडिओ केंद्रावर यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची सगळी नोकरी झाली आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्होल्ट मोजायचा छोटा मीटर ठेवायची सवय मागे राहिली. कुणाच्या घरी गेला की चहाच्या आधी सॉकेट तपासायचा. तीस वर्षांपूर्वी ध्वनितंत्रावरच्या एका पुस्तकाचं प्रूफ घेऊन मी त्याच्याकडे शंका विचारायला गेलो होतो. शंका सात होत्या, मी पाचच विचारल्या, उरलेल्या दोन विचारायला लाजलो, आणि त्यानं त्या आपणहून सांगितल्या. मैत्री व्हायला माझ्यासारख्याला एवढं पुरतं. कमी बोलणाऱ्या माणसाला एक असा मित्र लागतो ज्याच्यापुढे न बोललेलं मोजलं जातं, असं मी तेव्हा कुठेतरी लिहून ठेवलं होतं आणि मला ते वाक्य फार आवडलं होतं.

त्याच्याकडे दोन डॅक होते, एक काळा, एक चंदेरी. शनिवारी दुपारी, इमारत जेवून आडवी झालेली असताना, आम्ही त्याच्या मागच्या खोलीत बसायचो. मी खुर्चीत, समोर दोन स्पीकर. डाव्या भिंतीला तारेवर एक जुनी चादर लावलेली, आणि चादरीमागे फळीवर डबे आणि स्टुलावर मीटर. पद्धत त्याची होती आणि ती कडक होती. कुठला डबा चालू आहे ते मला कळता कामा नये. दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा हवा, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि माणूस त्याला गोडवा, खोली, काय वाटेल ते म्हणतो. म्हणून सुरुवातीला तो एकसुरी गुंजन लावायचा, स्पीकरच्या तारांना मीटर टेकवायचा, मग खटका दाबल्याचा आवाज, पुन्हा तेच गुंजन, पुन्हा मीटर. ‘जुळलं,’ म्हणायचा. मग ‘एक’, आणि गाणं. मग खटका. ‘दोन’, आणि तेच गाणं. मी बोलायचो, तो वहीत लिहायचा. शेवटी सांगायचा, आज एक म्हणजे काळा होता, दोन म्हणजे चंदेरी. मला दर वेळी दोन जास्त आवडायचा. चंदेरीत गाणं मोकळं व्हायचं, वाद्यांच्या मध्ये जागा व्हायची, तबल्यावर बोट पडायच्या आधीचा जरासा विलंब कळायचा. मी हे सगळं बोलून दाखवायचो. मी, ज्याला छापखान्यात मालकापुढे सुट्टी मागतानाही शब्द फुटत नव्हता. डोळे मिटलेले असले आणि समोर चादर असली की मला बोलता येतं, हा शोध मला एकाहत्तराव्या वर्षी लागला.

बाराव्या शनिवारी एक जुनं गाणं होतं, गाणारी बाई वयस्क, साथीला एकच तंतुवाद्य. ‘दोन’ म्हटल्यावर, दुसऱ्या ओळीच्या आधी, मला तिनं रोखलेला आणि मग सोडलेला श्वास ऐकू आला. माझी आई सुईत दोरा ओवताना असाच श्वास रोखायची. खिडकीपाशी, सुई उजेडाकडे धरून, ओठ मिटून. आणि दोरा गेला की नाकातून हलकेच सोडायची. तेव्हा आम्ही भावंडंही श्वास धरून उभी राहायचो आणि तिच्याबरोबर सोडायचो. तिला जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती आणि हा आवाज माझ्यापाशी आहे हेच मला माहीत नव्हतं. मी चादरीकडे तोंड करून मीटरला हे सांगितलं. ताईला कधी सांगितलं नव्हतं, ती तर त्याच खिडकीशी उभी होती. सांगता सांगता मला रडू आलं. मीटर चादरीमागे गप्प होता. त्याची पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज आला. मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे, मला वेळ देतोय.

त्या एकोणीस शनिवारांवर मी दोन लेख लिहिले. आमच्यासारख्या छंदिष्टांचं एक त्रैमासिक होतं, सहाशे वर्गणीदार असतील नसतील. लेखाखाली माझं नाव आलं. चाळीस वर्षं माझं नाव छापलं जायचं ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, बांधणी करणाऱ्याच्या वर. आता पत्रं आली, फोन आले. एकानं मला कानसेन म्हटलं, आणि मीटरनं ते उचललं. फोनवर ‘काय कानसेन’ अशीच सुरुवात करायचा. ताई म्हणाली, हुरळून जाऊ नकोस, घरात दोनदा हाक मारावी लागते तुला. पण तिनंही अंक जपून ठेवला होता, कपाटात साड्यांच्या खाली, ते मी पाहिलं होतं.

नर्सबाईंचं पत्र आलं तेव्हा मला आधी, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. इतक्या लांबून कुणी मला विचारतंय. मग मजकूर आत उतरला. पण उत्तर सोपं होतं. मीटरच्या वहीत सगळं नोंदलेलं असणार. कुठलं गाणं, कितव्या वेळी, मी काय म्हणालो. ते पाहून, नीट शब्दांत, त्यांच्या कानांना न दुखावता, फरक कसा असतो आणि तो न कळण्यात कमीपणा कसा नाही, असं काहीतरी लिहिता आलं असतं. पत्र घेऊन मी त्याच्याकडे गेलो. वाचून त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. उत्तर द्यायलाच हवं का, म्हणाला. मी म्हटलं, बाई नोकरी सोडायला निघाल्यात. वही दे जरा. तो उठला, फळीवरून वही काढली आणि माझ्यापुढे ठेवून स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो नळ बराच वेळ नुसताच चालू होता, हे मला नंतर आठवलं.

पानं मोठी, रकाने आखलेले. तारीख, गाणं, ‘एक’, ‘दोन’, आणि मग मी काय म्हणालो ते. ‘एक’च्या रकान्यात ‘काळा’. ‘दोन’च्या रकान्यातही ‘काळा’. मी खिशातून पेन्सिल काढली. आयुष्यभर जे केलं तेच करायला निघालो: समासात खूण केली, ‘काळा’खाली रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘चंदेरी’. पान उलटलं. तीच चूक. पुन्हा रेघ, पुन्हा ‘चंदेरी’. घाईत वरची नोंद खाली उतरवली असणार, असं होतं, कंपोझिटरही करायचे. तिसऱ्या पानावर मी हाक मारून सांगितलं की अरे, दुसऱ्या रकान्यात तू सगळीकडे घोळ करून ठेवलायस. तो दारात येऊन उभा राहिला. हात ओले होते.

‘चूक नाही ती,’ तो म्हणाला.

मी पेन्सिल तशीच धरून बसलो.

‘पहिल्या शनिवारी तपासणी म्हणून केलं. दोन्ही वेळा तोच डबा लावायचा आणि माणूस काय म्हणतो ते बघायचं. कामाची पद्धतच आहे ती.’

‘मग?’

‘मग तू बोललास. असा बोललास की... तुला तीस वर्षं ओळखतो, तू कधी एवढा बोलला नव्हतास. म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगू.’

‘आणि पुढच्या शनिवारी?’

‘पुढच्या शनिवारी आणखी बोललास.’

मी विचारलं, छापून आलं तेव्हा का नाही सांगितलंस. तो म्हणाला, चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं सुधारलीस, एकदा तुझं नाव आलं, कुठल्या तोंडानं सांगणार होतो. हे त्यानं अगदी जिव्हाळ्यानं म्हटलं. मी पानं उलटत राहिलो, कारण वर बघायचं नव्हतं. बाराव्या पानावर शेवटच्या रकान्यात माझ्या आईची सुई होती, खिडकी होती, तीन ओळींत, नीट. आणि त्याखाली एकच शब्द, वेळ घालून: ‘३.४०. रडला.’

‘हे का लिहिलंस?’ मी विचारलं.

‘सगळंच लिहायचो,’ तो म्हणाला.

निघताना त्यानं एवढंच सांगितलं की त्या बाईंना उत्तर देऊ नकोस, विसरतील त्या. मी पत्राची घडी घालून खिशात ठेवलं. जिन्यात मला माझी पेन्सिल त्याच्याकडेच राहिली हे कळलं आणि तिच्यासाठी मी वर गेलो नाही.

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. आठवतात ते आवाज, आणि प्रत्येक आवाजावरचा संशय. सकाळी किटलीचं झाकण थडथडायचं आणि मला वाटायचं, खरंच थडथडतंय की मी ठरवलंय? ताईच्या खोलीतून खोकला यायचा आणि मी थांबून वाट बघायचो, दुसरा येतो का. दुसरा आल्याशिवाय पहिल्यावर विश्वास बसत नव्हता. पुस्तकं उघडायचो आणि नजर ओळींवरून घसरायची. छापखान्यात आमची एक रीत होती: एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा समोर बसून प्रुफावर नजर ठेवायचा. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं तोंडानं म्हणायचं. मी वर्षानुवर्षं तो दुसरा होतो. समोरचा जे वाचतोय ते मूळ प्रतीत आहे की नाही हे मी कधी उठून बघितलं नाही. बघायचं नसतंच, नाहीतर काम होणार नाही. टेबलापलीकडून येणाऱ्या आवाजावर माझी चाळीस वर्षं उभी होती. चादरीमागून येणाऱ्या ‘एक’ आणि ‘दोन’वर मी तशीच मान डोलावली. आणि ते गुंजन! दर शनिवारी तो दोनदा लावायचा, तारांना मीटर टेकवायचा, ‘जुळलं’ म्हणायचा. एकाच डब्याचा आवाज त्याच डब्याशी जुळवत होता. मला कळू नये म्हणून खटकाही दाबत होता. एकोणीस वेळा. यातली कुठली गोष्ट मला जास्त लागली हे मी आजही सांगू शकत नाही, पण अंथरुणावर पडलं की मला आधी ‘रडला’ हा शब्द आठवायचा आणि मग तो खटका.

मला सगळ्यात भीती वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. आईचा श्वास मला ऐकू आला होता. ‘एक’मध्ये आला नव्हता आणि ‘दोन’मध्ये आला होता. डबा तोच, गाणं तेच. मग तो आला कुठून? पुष्कळ दिवसांनी मला सुचलं की पहिल्यांदा ऐकताना माणूस गाण्याच्या मागे धावत असतो. दुसऱ्यांदा वाट माहीत असते, म्हणून बाजूचं दिसतं. प्रूफ दुसऱ्यांदा वाचताना नव्या चुका सापडतात तसं. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. पण खरंही बोललो नव्हतो, आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत एक बाई नळी कानाला लावून बसल्या होत्या आणि दुसऱ्या सिस्टरला हाक मारत होत्या.

उत्तराचे खर्डे मी कितीतरी लिहिले. पहिला चार पानांचा होता आणि सगळा मीटरवर होता: एका मित्रानं माझा विश्वासघात केला, त्यात तुम्ही भरडल्या गेलात. वाचून पाहिला तर शब्द न् शब्द बरोबर होता आणि पत्र विकृत होतं. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चौथ्या पानावर होतं, कंसात. दुसरा खर्डा गोलमोल, कानाच्या वयावर, ऐकण्याच्या सवयीवर. तिसऱ्यात मी फरक आहेच असं लिहून गेलो आणि घाबरून फाडला. मग लिहिणं थांबलं. महिन्यांचं असं असतं की पहिला जड जातो, दुसऱ्याला निमित्त मिळतं, आणि चौथ्या-पाचव्यानंतर इतका उशीर झालेला असतो की उत्तर देणं हाच अगोचरपणा वाटायला लागतो.

मीटर एकदा येऊन गेला. मी घरी होतो; ताई दारात सांगायला गेली की तो घरी नाही. ती खोटं बोलत नाही, त्यामुळे तिला ते जमलं नाही, ‘तो तुमच्यासाठी नाही,’ असं म्हणाली. मग ताई आत आली, हातात पुठ्ठ्याचं खोकं. चंदेरी डॅक होता. आता तरी खरंच ऐक, असा निरोप होता.

‘जड आहे म्हणून आत काहीतरी असेल,’ ताई म्हणाली. ‘नाहीतर तुझ्या मित्राचा काही भरवसा नाही.’

तेव्हा तिला सगळं कळलंय हे मला कळलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. मीटरनं सांगितलं की तिनंच ताडलं, विचारायचं धाडस झालं नाही. खोकं मी माळ्यावर टाकलं. लावलं नाही. लावून फरक ऐकू आला असता तर तो म्हणाला असता, बघ, म्हणजे तू बरोबरच होतास. नसता आला तर त्याची वही खरी ठरली असती. दोन्हीकडून तोच जिंकत होता, आणि माझ्यापाशी तेवढाही जोर नव्हता की हरण्यासाठी खुर्चीत बसावं.

गेल्या आठवड्यात ताई मला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. घरात मी फार वेळा ‘काय?’ म्हणतो अशी तिची तक्रार. दवाखान्यात कान तपासणारी मुलगी होती, तिशीच्या आतली, दंडापर्यंत बाह्या सारलेल्या. तिनं मला एका छोट्या केबिनमध्ये बसवलं; भिंतींना स्पंज, एक काचेची खिडकी, कानांवर जाड हेडफोन, हातात एक बटण. बारीकसा सूर ऐकू आला की दाबायचं. दार लागलं आणि मला एकदम ती चादर आठवली. सूर येत होते, दुरून, सुईच्या टोकाएवढे. मी दाबत होतो. मग वाटलं आणखी एक आला, फारच बारीक, आणि तो सुटू नये म्हणून मी घाईनं दाबलं. असं दोन-तीनदा झालं असेल. बाहेर आल्यावर तिनं कागदावरचा आलेख दाखवला: वरचे सूर उतरलेत, बाकी बरं आहे. आणि सहज म्हणाली, ‘आजोबा, तीन वेळा तुम्ही काही नसतानाच दाबलंत.’

माझा चेहरा उतरलेला तिला दिसला असावा. ती हसली. ‘अहो, सगळेच दाबतात. म्हणून तर आम्ही मधे मधे गप्प बसतो. किती वेळा दाबलं ते मोजायचं आणि बाहेर आल्यावर सांगायचं.’

मी विचारलं, ‘नाही सांगितलं तर?’

‘असं कसं,’ ती म्हणाली. ‘मग तपासणी कसली ती? तुम्ही बिचारे घरी जाऊन तेच सूर ऐकत बसाल.’

एवढं बोलून तिनं पुढच्या माणसाला हाक मारली. ताई पैसे द्यायला गेली आणि मी बाकावर बसून राहिलो. मीटरनं दोन्ही वेळा काळाच लावला, हे त्याचं पाप नव्हतंच. पहिल्या शनिवारी चादर बाजूला करून त्यानं सांगितलं असतं तर मी ओशाळलो असतो, आम्ही चहा प्यायलो असतो. तो न सांगता मागे बसून राहिला, पेन्सिल हातात घेऊन. आणि मी? माझ्याकडे चौदा महिने एका बाईचा प्रश्न होता. त्यांनी बटण दाबलं होतं की नव्हतं दाबलं, बरोबर की चूक, हे या जगात सांगू शकणारा मी एकटा होतो. मी शब्दकोश दाबून बसलो होतो. माझ्या मागे तो बसला तसा मी त्यांच्या मागे बसलो होतो, आणि माझ्याकडे तर निमित्तालाही जिव्हाळा नव्हता. या विचारानं मला मीटरबद्दल काही कमी राग आला असं नाही. राग तेवढाच राहिला, फक्त तो आता मला त्याच्या एकट्यावर काढता येईना.

घरी येऊन चहाच्या आधी लिहायला बसलो. ताई समोर भाजी निवडत होती. खर्डा केला नाही, सरळ चांगल्या कागदावर.

‘आपल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मी चंदेरी डॅक ऐकलेलाच नाही. ज्या बैठकींवर मी लेख लिहिला त्यांत दोन्ही वेळा काळाच चालू होता. हे मला लेख छापून आल्यावर समजलं, आणि आपलं पत्र आलं त्याच आठवड्यात समजलं. तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही, ही माझी चूक आहे आणि ती लेखाहून मोठी आहे. श्वासाबद्दल जे लिहिलं ते माझ्या आठवणीतलं होतं, डब्यातलं नव्हतं. आपल्या यजमानांच्या डब्याच्या माहितीपत्रकात पाहावं. त्या जातीच्या डब्यांचा आवाज मुळातच थोडा मोठा असतो. जुना पुन्हा लावून, दोन्हींचा आवाज सारखा करून, न सांगता अदलाबदल करून पाहावं, आणि काय झालं ते लगेच एकमेकांना सांगावं. आपले कान गेले आहेत असं समजण्याला माझा लेख हा आधार असेल, तर तो आधार नाही. हे पत्र यजमानांना दाखवावं. त्रैमासिकालाही मी असंच कळवत आहे.’

खाली पूर्ण नाव, पत्ता. मग मी वाचून पाहिलं, सवयीनं दोनदा. मीटर त्यात कुठेच नव्हता. माफ केलं म्हणून मी त्याला वगळलं असं कुणी समजू नये. त्याच्या वहीत माझी एकोणीस पानं आहेत. माझ्या पत्रात त्याला मी एक ओळही देणार नव्हतो.

ताईनं हात पुसून पत्र घेतलं, लांब धरून वाचलं. सुईबद्दल तिथे काही नव्हतं, तरी ‘आठवणीतलं’ या शब्दापाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघून परत कागदाकडे वळली. काय ते तिनं विचारलं नाही.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘एवढं लिहायला चौदा महिने लागले?’

मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग आता बाई तिथेच असतील कशावरून, वॉर्ड सोडलाही असेल. मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, तरी टाक.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत मी ते टाकलं नाही. पेटीत टाकलं असतं तर दुपारी कुलूप उघडायला येणाऱ्या माणसापाशी उभा राहून मी ते परत मागितलं असतं. मी मला ओळखतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात गेलो. रांगेत सहा माणसं होती आणि प्रत्येक माणूस पुढे सरकला की मला वाटायचं, पत्त्यात एकदा पिनकोड तपासावा, एकदा घरी जाऊन यावं. दोनदा पाकीट उलटं करून पाहिलं. खिडकीतल्या बाईंनी ते वजनावर ठेवलं, तिकीट सांगितलं आणि विचारलं, पोचपावती हवी का? पोचलं की नाही ते कळेल. त्यांनी मान वर केली.

‘नको,’ मी म्हणालो. ‘पण नक्की जाऊ द्या.’

त्यांनी तिकिटावर शिक्का मारला आणि न बघता पत्र मागच्या पोत्यात टाकलं. मी तिथेच उभा होतो. माझ्या मागच्या माणसानं खांद्याला हात लावून मला हलकेच बाजूला केलं.